निवळलेली बाटली

नागपूर, १२ जानेवारी १९८७

प्रिय रुखमा,

तुमच्या गावच्या हरिदासभाऊंनी तुझी चिठ्ठी आणि तलावाच्या पाण्याची दुसरी बाटली आणून दिली. "पानी साफ आहे म्हनलंस, मंग माहा घनश्याम काऊन गेला?" एवढंच लिहिलंस तू. गडचिरोलीच्या वसतिगृहात तुझ्या डब्यातले सुके झिंगे मीच जास्त फस्त करायचे आणि तू लटकं रागवायचीस. या वेळी तू खरंच रागावली असशील तर तो हक्क आहे तुझा.

उत्तर सापडलं आहे. खाणीवर खनिज धुतलेलं पाणी तुमच्या तलावात उतरायला लागलं, म्हणून तर मी इथल्या प्रयोगशाळेत तपासायला पहिली बाटली मागवली होती. ती तलावात बुडवून जशीच्या तशी भरायची होती. पण तुझे सासरे, सोमाजीबाबा, पडले देवमाणूस! परक्याच्या दारी गढूळ पाणी पाठवायचं कसं? त्यांनी घागरीत निवळीची बी उगाळून टाकली, गाळ खाली बसू दिला आणि वरचं नितळ पाणी भरलं. हे मला हरिदासभाऊंच्या बोलण्यातून कळलं. "बाबानं मागं आरशावानी करून देल्लं होतं. या खेपेले मले घाई होती, तसंच आनलं."

खनिजातलं विषारी शिसं त्या गाळात होतं. नुसतं किती आहे तेवढं मोजून भागत नाही, त्यातलं अंगात किती भिनतं ते पाहावं लागतं. म्हणून पोटात असतो तसा आंबट द्राव करून मी गाळ त्यात ठेवला. बरंच शिसं सुटून आलं. तुम्ही पाणी निवळून पिता गं, पण झिंगे गाळच खातात, आणि आपण झिंगे पोटासकट खातो. माझा निकाल ऐकून बाबांनी निर्धास्तपणे नातवाला रोज स्वतःच्या हाताने ते भरवले. रुखमा, मी यंत्रासमोर बसून रडले.

तलावातलं आता काही खाऊ नका. रविवारी मी येते आणि गावाला सांगते. झिंग्यांचा धंदा बुडाला म्हणून लोक शिव्या देतील, देऊ देत. पण त्याआधी तुझ्याकडे एक मागायचं आहे, त्यासाठीच हे लिहिते. निवळीचं बाबांच्या कानावर जाऊ देऊ नकोस, हरिदासभाऊंनाही बजाव. त्या हातांनी ते पुढे घास कसा उचलतील? विचारलं तर सांग, पहिल्या वेळी भागीरथाची मोजताना चूक झाली. मीही सगळ्यांपुढे हेच सांगणार आहे. तेव्हा तू फक्त माझ्याकडे बघू नकोस, तुझ्यासमोर मला खोटं बोलता येत नाही.

तुझीच,
भागीरथा