दमलेली विहीर

बाबा, नीगाताकडची ती म्हातारी गॅसविहीर काल पुन्हा वाहायला लागली. आमच्या ऑफिसात तिचं बारावं घालायचं ठरलंच होतं. सिमेंट ओतून कायमची बंद करायची, फक्त सही बाकी होती. तिच्यासाठी मी मीटिंगमध्ये भांडले. म्हणजे जपानी पद्धतीने भांडले, आधी भरपूर माफी मागून. तुम्हाला सांगायला नको, खालचा वाळूचा खडक इतका घट्ट, की गॅस त्यातून मुंगीच्या पावलांनी येतो. विहिरीचं वय झालं की तळाशी पाणी साचतं आणि ते वर ढकलण्याची ताकद गॅसमध्ये उरत नाही. माझं स्वतःचं कॉम्प्युटरवरचं मॉडेलच म्हणत होतं, संपली. मी म्हटलं, संपली नाही, दमली आहे. काही आठवडे बंद ठेवू, प्रेशर भरू दे, मग साबणाच्या कांड्या सोडू. फेस झाला की पाणी हलकं होऊन वर येईल. आमच्या विभागप्रमुखांनी, बुचो-साननी, सहीचा कागद बाजूला सरकवला. मग म्हणाले, "एकदाच. नाही वाहिली तर सिमेंट."

ते सगळे आठवडे मला गुजरातेतल्या कॉलनीतलं आपलं स्वयंपाकघर आठवत होतं. आई बाजारात गेलेली, मला कडकडून भूक लागलेली, आणि मी कुकरची शिट्टी चमच्याने उचलते. वरणाचं कारंजं थेट छताला. तुम्ही शिडीवर चढून छत पुसताय, मी खाली बादली धरून उभी, आणि तुम्ही चिडून म्हणताय, "वाफ जिरू द्यावी माणसाने! आत आहे ते कुठे पळून जातंय का?" संध्याकाळी राग उतरल्यावर तुम्ही मला खडकाचा एक तुकडा दिलात, तुमच्या तिथल्या गॅसविहिरीतून निघालेला. त्यावर पाण्याचा थेंब सोडलात. तो नुसता बसून राहिला. "बघ, याच्यात शिरायलाही वेळ लागतो आणि निघायलाही," असं म्हणालात. तो तुकडा इथे ग्योतोकुच्या घरात माझ्या टेबलावर असतो. लेकीने एकदा साफसफाईच्या उत्साहात तो न जळणाऱ्या कचऱ्याच्या पिशवीत टाकला होता. इथे दगड टाकायलाही वार ठरलेला असतो. मी घरातल्या स्लिपरांनीच खाली धावत जाऊन तो परत आणला.

काल विहिरीवर बोचरी थंडी होती. ऑपरेटर-सान दर वेळी व्हॉल्व्हकडे बोट दाखवून मोठ्याने "योशी!" म्हणत, म्हणजे ठीक आहे. इथली तशी रीतच आहे. तुम्ही पाइपवर तळवा ठेवून "हं, आता" म्हणायचात, तसंच. थोडं उघडलं, थांबलो. पुन्हा थोडं. घाई केली की वाळू उठते, हे तुमच्याच तोंडून कितीदा ऐकलंय. आधी फेसाळ पाणी आलं, मग पाइप थरथरला. मी हातमोजा काढून तळवा टेकवला आणि बाबा, मला रडूच आलं. सोबत आलेले बुचो-सान शहाणे, ते डोंगराकडे बघत राहिले.

आता ती किती दिवस वाहील, कोण जाणे. तुमच्या विहिरीला तेवढीही संधी मिळाली नाही. तिला थोडी विश्रांती द्या, असं तुम्ही सांगत राहिलात, पण वरून हुकूम आला आणि सिमेंट तुम्हालाच ओतून घ्यावं लागलं. त्या दिवशी तुम्ही घरी आलात, हात धुतलेत, पानावर बसलात आणि म्हणालात, "आमटीला चव नाही आज." आई म्हणाली, "अहो, मीठ तर बरोबर आहे." तुम्ही ताट बाजूला सारून उठलात. त्यानंतर विहिरींबद्दल घरात कधी बोलला नाहीत.

तुम्हाला पाठवायला आता पत्ता नाही, म्हणून हे पत्र घडी करून त्या दगडाखाली ठेवते. एक सांगायचं राहिलं. त्या दिवशी आमटी छान झाली होती, बाबा. मी दोनदा वाढून घेतली होती. तुम्ही पानावरून का उठलात, ते मला काल कळलं.