ब खोलीतलं कोमट पाणी

सोमवार, ३ मार्च

आईपासून तोडलेली डुकराची चोवीस पिल्लं आली. बारा अ खोलीत, बारा ब खोलीत. एका खोलीच्या खाद्यात डॉक्टरबाईंनी बनवलेली भुकटी आहे, दुसरीच्या नाही. कुठली कुठे, ते बंद पाकिटात. खुद्द बाईंना ठाऊक नाही, मी तर नुसती खाद्य घालणारी! भुकटीनं कोवळ्या पोटाला खाद्य नीट पचतं, असं बाई अकरा वर्षं सांगतायत. महिनाअखेरीस निवृत्त होणार. "ही शेवटची चाचणी," म्हणाल्या.

बुधवार, ५ मार्च

ब मधली सगळ्यात बारकी खातच नाही. कपाळावर ठिपका, म्हणून टिकली. चाचणीतल्या पिल्लांना नाव ठेवायचं नसतं. ठेवलं!

गुरुवार, ६ मार्च

टिकली भिंतीकडे तोंड करून उभी. बघवेना. ब चं खाद्य कोमट पाण्यात कालवलं. अख्खी खोली तुटून पडली — टिकलीसुद्धा! एका दिवसानं काय होतंय.

सोमवार, १० मार्च

रोजच कालवते.

शुक्रवार, १४ मार्च

दोन्ही खोल्यांतली विष्ठा गोळा केली, वाळवली, बाटल्या भरल्या. खाल्लेलं किती अंगी लागलं, ते तिच्यावरून कळतं. बाटल्या तपासणीला नेणारे गाडीवाले काका नाक धरून म्हणाले, "अत्तर कुठलं लावलंय, मावशी?" मीही हसले. पण पाण्याचं बाईंना सांगायला हवं होतं. आता सांगितलं तर चाचणीच मोडीत निघेल.

गुरुवार, २० मार्च

निकाल आला. ब खोलीत कितीतरी जास्त पचलंय! बाईंनी चष्मा काढून डोळे पुसले. "ब म्हणजे माझीच भुकटी असणार गं!" माझा जीव भांड्यात पडला. पाण्यानं काही बिघडलं नाही म्हणायचं.

शुक्रवार, २१ मार्च

पाकीट फोडलं. ब मध्ये साधं खाद्य. भुकटी अ मध्ये होती.

बाई त्या कागदाची घडी घालत राहिल्या. उलगडायच्या, परत घालायच्या. "अकरा वर्षं पाण्यात गेली गं."

पाण्यात! पाण्यातच तर गेली — माझ्या बादलीतल्या! तिथंच सांगायला हवं होतं. मी बादली विसळायला निघून आले. भित्री मेली!

शनिवार, २२ मार्च

सांगितलं. बादलीसकट सगळं. बाईंनी वाकून टिकलीच्या कपाळावरून बोट फिरवलं. मग चाचणीची वही माझ्यापुढे सरकवली. "मी नसेन. पुढची चाचणी तू करायचीस, दोन्हीकडे कोरडं घालून. पण आधी हे लिही — पाणी किती कोमट होतं?"