सिडनी बंदर, जयनगर

बंगलोर, २० ऑगस्ट १९९५

तीर्थरूप सूर्यकांतमामांस रघुजीचा साष्टांग नमस्कार. तुमचा गुडघा आता वळू लागला असेल असं धरून चालतो. नसल्यास नमस्कार दोनदा समजावा.

पुढच्या शनिवारी तुम्ही येतच आहात, म्हणून आधीच कळवतो. मंडळाच्या गणपतीत नऊ वर्षं मी चपला सांभाळतोय. यंदा प्रथमच देखावा माझ्याकडे आला. महायुद्ध संपून पन्नास वर्षं झाली, म्हणून मी १९४२ सालचं सिडनी बंदर घेतलं: मोठ्या पाणबुड्यांच्या पाठीवरून आलेल्या जपानच्या तीन छोट्या पाणबुड्या, प्रत्येकीत दोनच माणसं. (त्या सहांतला एकही परतला नाही. अशा गोष्टीचा देखावा करावा का, हे डायरीची चार पानं भरूनही माझं ठरलेलं नाही.) आमचे अध्यक्ष पद्मनाभ म्हणाले, पाणबुड्यांनी नेम धरलेली युद्धनौका दर अर्ध्या तासाने बुडाली पाहिजे. मी म्हटलं, ती बुडालीच नव्हती, नेम चुकला होता. त्यावर ते म्हणाले, "अहो रघुजी, चुकलेला नेम बघायला रांगेत कोण उभं राहील?" मी नमलो. (नमायला नको होतं.)

इथल्या पीण्या औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यात आमच्या बेळगावकडच्या कल्लाप्पाने बॅटरीवर चालणारी दोन फुटी पाणबुडी केली. तिथल्या हौदात ती मगरीसारखी गेली. काल मंडळात चाचणी होती. टाकी भरली, बंदराचं जाळं म्हणून बॅडमिंटनचं जाळं सोडलं, आणि शुभारंभ म्हणून शेजारी गणपतीचा फोटो ठेवला. तिथेच चुकलं. देवापुढे पाणी दिसल्यावर आपल्या माणसांचे हात थांबतात होय? मंडळातल्या तानूबाईंनी पाण्यात दूर्वा वाहिल्या, मागोमाग सगळ्यांनी. दूर्वा पाणबुडीच्या पंख्यात गुंतल्या, ती भरकटून जाळ्यात शिरली आणि तिथेच घुरघुरत बसली. "स्वल्प थांबा अण्णा, विचार करतीय ती," कल्लाप्पा म्हणाला.

पद्मनाभांनी निकाल दिला: रविवारी तुमचे नौदलातले मामा बघतील. त्यांनी पसंत केलं तर ठेवू, नाहीतर टाकीच्या जागी बालगणेशाचा पाळणा, आणि तुम्ही परत चपलांवर.

मामा, तुम्ही निःपक्षपाती राहावं. भाचा म्हणून तिळभर सूट देऊ नये. दिलीत तर ते मला आयुष्यभर टोचेल.

तुमचा,
रघुजी

ता. क. उजवीकडच्या खुर्चीत बसावं. डावीकडून जहाज बुडवायचा दोरा दिसतो.

आणखी ता. क. पाणबुडी पुन्हा अडकलीच, तर लगेच उठून मोठ्याने म्हणावं, "अगदी असंच झालं होतं." हे खोटं नाही. तिघींतली एक खरोखरच जाळ्यात अडकली होती. मी दोन पुस्तकांत पडताळून पाहिलंय.

शेवटचा ता. क. तुम्ही नौदलात भटारखान्यात होता, हे पद्मनाभांपासून लपवणं माझ्या मनाला पटत नाही. मी त्यांना सोमवारी सांगणार आहे.