गोल घर

चि. अंगद,

लहानपणी तू जुन्या इंग्रजी सिनेमांतली अवकाशस्थानकं बघून गोठ्याची भिंत कोळशानं भरून टाकायचास. चाकासारखी गोल, कुठं कोपरा नाही. आर्किटेक्ट झालास आणि राहुरीत आई-आबांना तसलंच घर बांधून दिलंस. वळत जाणारा अरुंद बोळ, गोल दारं. स्वतः मात्र अमेरिकेत.

तुझ्या त्या सिनेमांत कुणी म्हातारं असायचं का रे?

सोमवारी आबा गेले. मी सासरहून, काष्टीहून येईपर्यंत अंग ताठलं होतं. चौघांनी उचललं, पण त्या बोळात वळेना. कारभारीकाका ओरडले, "आता काय दुमडून न्यायचं व्हय त्याला?" मग पहार आणली, भिंत फोडली, तेव्हा आबा बाहेर निघाले.

तू मोबाईलवर बघत होतास. रडलासही. मग विचारलंस, "आक्का, भिंत कुणी फोडली?"

तुला दुखवू नको म्हणून आईनं बजावलंय, म्हणून हे पत्र पाठवणार नाही. पण काल गवंडी आला, त्याला तिनंच परत पाठवलं. त्या भगदाडापाशी सतरंजी टाकून बसलीय. म्हणते, "ऱ्हाऊ दे उघडं. मला बी हितनंच न्यायचं हाय."

तुझी,
आक्का