चिंचेच्या मुळांवरची बुरशी

आनेकल रस्ता, बेंगळूर
सप्टेंबर १९९६

प्रिय रूपश्री,

"शिक्षण पुरे, आता लग्न," हे अण्णांचं ऐकून सुट्टी संपताच तू रडतच धारवाडच्या गाडीत बसलीस, त्यानंतर तुला काय लिहावं तेच सुचत नव्हतं. आज सुचलंय. आधी रोपांची बातमी, कारण आपल्या नर्सरीत सध्या दुसरा विषयच नाही.

सुट्टीला येताना तू कॉलेजातून माती आणलीस, तिच्यात मुळांना धरून राहणारी आणि झाडाला जेवू घालणारी बुरशी आहे म्हणालीस, तेव्हा अण्णा केवढे हसले! "बुरशी दिसली की तुझी आई लोणच्याची बरणी उन्हात ठेवते, आणि तू ती पिशवी भरून आणलीस?" तरी तू चिंचेच्या अर्ध्या पिशव्यांत बियांखाली चमचा चमचा माती घातलीस, वर खताचं काम करणाऱ्या जिवाणूंची काळी भुकटी. बाकीच्या पिशव्या अण्णांच्या, नेहमीच्या शेणखतावर.

सुरुवातीला काहीच फरक दिसेना. अण्णा रोज मला ऐकवायचे, मी पाणी घालत राहायचे. श्रावणात मात्र तुझी रोपं अशी उठली की बघत राहावं! खोडं जाड, पानं गर्द. अण्णा म्हणाले, "तिकडे ऊन जास्त पडतं." मी आपल्या गड्याला, उमाजीला, सांगून दोन्हीकडच्या पिशव्यांची जागाच बदलली. तरी तुझीच पुढे.

मग बोम्मसंद्र्याच्या एका कारखान्यातले साहेब आवारात लावायला रोपं बघायला आले. त्यांनी दोन्हीकडची एकेक पिशवी फाडली. अण्णांच्या रोपाची माती गळून पडली. तुझ्या रोपाच्या दाट मुळांनी ती घट्ट धरून ठेवलेली. "नरसिंहराव, ही करामत कुणाची?" साहेबांनी विचारलं. अण्णा म्हणाले, "माझ्या मुलीची." काय ताठ उभे होते गं! साहेबांनी तुझी सगळी रोपं नेली, आणखी मागितलीत.

पण पत्र लिहायला बसले ते वेगळ्याच गोष्टीसाठी. रविवारी विश्वासराव आले होते, त्यांच्या मुलासाठी तुझा होकार घ्यायला. मी कॉफी घेऊन गेले तर अण्णा सांगत होते, "मुलगी एवढ्यात लग्न करणार नाही. तिला पुढे एम.एस्सी. करायचंय." विश्वासराव गेल्यावर अण्णा मला म्हणाले, "कळव तिला. फॉर्म भर म्हणावं." तेव्हा भर, पोरी, लगेच भर! मी मागच्या अंगणात गेले, कुणी बघत नाही असं पाहिलं, आणि एकटीनंच टाळ्या वाजवल्या.

तुझीच,
आई