रोटीचा रविवार

सिरसोली,
गुरुपरबची (नानक जयंतीची) सुट्टी, दुपार

प्रिय विश्वासदादा,

सलाम. पाकीट बघून तू आधी वहिनीला विचारशील, साधनाला काय झालं म्हणून. काही झालेलं नाही. मी बरी आहे, इंद्रजितही बरा आहे. फोन न करता पत्र लिहितेय, कारण फोनवर तू ‘बघू’ म्हणतोस आणि वहिनीकडे देतोस. शिवाय जे सांगायचंय ते बोलून सांगायला गेले तर मी भांडेन, आणि या वेळी मला भांडायचं नाही. हा तिसरा कागद आहे. दोन फाडले. मधे एकदा चहा उतू घालवला, एकदा गच्चीवर जाऊन ओलेच कपडे काढून आणले आणि परत वाळत घातले. हवा इतकी धुरकट आहे की समोरची मोहरीची शेतंसुद्धा दिसत नाहीत, घसा खवखवतोय, आणि खुर्चीत दहा मिनिटं टेकले की उठावंसं वाटतं. आई म्हणायची ना, या पोरीच्या पायाला भिंगरी आहे. पन्नाशी आली तरी भिंगरी तशीच आहे.

जुलैत प्रमोशन मिळालं आणि त्याच्याबरोबर ग्रामीण शाखा गळ्यात पडली, हे तुला ठाऊक आहेच. गुरुग्रामच्या चौदाव्या मजल्यावरून उचलून मला पलवलच्या पुढे पंचवीस किलोमीटरवर आणून ठेवलं. सिरसोली म्हणजे एक धान्याची मंडी, दोन पेट्रोलपंप, ट्रॅक्टरच्या सुट्या भागांची ओळीनं आठ दुकानं आणि त्यांच्यामधे आमची बँक. बँकेच्या वरच मी भाड्यानं राहते. दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी बँक बंद असते, तेव्हा शुक्रवारीच घरी पळते. पहिल्या आणि तिसऱ्या शनिवारी काम असतं, सगळं आवरेपर्यंत शेवटची बस गेलेली असते, म्हणून ते रविवार इथंच काढावे लागतात. आणि दादा, ते रविवार निघता निघत नाहीत. मी काही फार देवभोळी नाही, हे तूच सगळ्यांना सांगतोस. पण रविवारी नऊ वाजले की आंघोळ करून, चांगली साडी नेसून निघायचं ही बाबांनी लावलेली सवय आहे. पाय आपोआप चपलांकडे जातात. इथं चपला घालून मी जिन्यापर्यंत जायची आणि परत यायची. आमच्या गार्डला विचारलं, इथं चर्च कुठं आहे, तर तो हसून म्हणाला, “चर्च? वो तो दिल्ली में होता है जी.”

दोन महिने असेच गेले. मग एका पेन्शनच्या दिवशी सर्व्हर बसला. बाहेर रांग, आत गोंधळ, आणि माझ्या तोंडून निघून गेलं, “येशू, आता तूच बघ.” काउंटरपलीकडे एक म्हातारी अंगठा पुढे करून उभी होती. तिनं मान वर केली, इकडेतिकडे बघितलं आणि हळूच म्हणाली, “जय मसीह की, मैडमजी.” मी टाचणी, शिक्का, सगळं सोडून तिच्याकडे बघत राहिले. ती रामकली. सत्तरीची असेल. नवरा नगरपालिकेत सफाई कामगार होता, त्याचं पेन्शन तिला मिळतं. जाताना तिनं मला पत्ता सांगितला, तोही असा, की वीटभट्टीकडे जाणाऱ्या कच्च्या रस्त्यानं चालत राहा आणि ढोलक ऐकू आला की थांबा.

मी थांबले. पत्र्याची एक खोली, खाली निळी सतरंजी, भिंतीवर चुन्यानं काढलेला क्रूस, आणि अकरा माणसं. बहुतेक सगळी रामकलीच्याच बिरादरीतली, पिढ्यान्‌पिढ्या गावाची झाडलोट केलेली. पास्टर याकूब पलवलहून मोटारसायकलवर येतात, हेल्मेट काढून ढोलक घेतात आणि ढोलक ठेवून उपदेश करतात. शब्द हिंदी होते, पण गाण्याची पद्धत अगदी आपल्या गावच्या भजनासारखी, एकानं उचलायचं आणि बाकीच्यांनी झेलायचं. मी ओक्साबोक्शी रडले, दादा. दिल्लीत वीस वर्षं पहाडगंजच्या मागच्या हॉलमध्ये महिन्यातून एकदा आपली मराठी उपासना होते, तिथं जाते, डबे उघडून सगळ्यांबरोबर जेवते. पण तिथं कधी रडू आलं नाही. तिथं सगळे कुठल्या ना कुठल्या ऑफिसातून आलेले असतात, परत जायच्या घाईत असतात. इथं मला वाटलं, मी सापडले.

तो महिन्याचा पहिला रविवार होता, म्हणजे प्रभुभोजनाचा. पुढे काय झालं असेल ते तुझ्या लक्षात आलं असेल.

दिल्लीत मला सोपं होतं. तिथं प्रभुभोजनाची भाकर आणि द्राक्षरस घ्यायला उठून पुढे जावं लागतं. मी बसून राहायची. आधी लेक मयुरा मांडीवर होती, मग ती मोठी झाली तेव्हा मी पर्स सांभाळायची. कुणी विचारलं नाही. गावी सोपं नव्हतं. दर नाताळला तूच भाकरीचं तबक घेऊन बाकांमधून येतोस, आणि माझ्यापाशी तुझं पाऊल जरासुद्धा अडखळत नाही. मी दर वेळी बघते. एकवीस वर्षं बघतेय. इंद्रजितशी, ख्रिस्ती नसलेल्या माणसाशी, कोर्टात लग्न केलं म्हणून चर्चच्या पंच कमिटीनं मला शिस्तीखाली ठेवलं, म्हणजे माझं प्रभुभोजन बंद केलं. कमिटीचा सेक्रेटरी तू होतास, कागदावर सही तुझी होती. ‘क्षमापत्र लिहून दे, मंडळीपुढे वाचू, एका दिवसात नाव मोकळं होईल’, हे तू मला किती वेळा सांगितलंस? मी लिहिलं नाही, कारण ज्या गोष्टीचं मला वाईट वाटत नाही तिची क्षमा कशी मागू? पण शिस्त मी पाळली. हट्टानं पाळली, असंच म्हण. भारतातल्या कुठल्याही चर्चमध्ये मी खुशाल घेऊ शकले असते, तू काही बघायला येणार नव्हतास. तरी एकदाही घेतलं नाही. तुम्ही मला बाहेर ठेवलंत ना, मग मी तुमच्यापेक्षा कडक बाहेर राहून दाखवीन, असं काहीतरी माझ्या डोक्यात होतं.

सिरसोलीत तबक नाही. रामकली घरून एक रोटी भाजून आणते. पास्टर प्रार्थना करून ती मोडतात, आणि मग ती हातोहात फिरते. प्रत्येकानं तुकडा मोडायचा तो आपल्यासाठी नाही, शेजाऱ्याच्या हातात द्यायला. माझ्या शेजारी रामकली होती. तिनं तुकडा मोडून माझ्यापुढे धरला. मी हात जोडले आणि म्हणाले, “अम्मा, मैं नहीं ले सकती.” तिचा हात तसाच राहिला थोडा वेळ. मग तिनं तो तुकडा पदराच्या टोकाला बांधला. स्टीलचा पेला आला, तो मी ओठ न लावता पुढे दिला. मला वाटलं, मी किती प्रामाणिकपणे वागले.

पुढच्या खेपेला माझ्यासाठी प्लॅस्टिकची खुर्ची मांडलेली होती. सगळे सतरंजीवर, मी खुर्चीवर. उपासनेनंतर चहा आला, तो सगळ्यांना स्टीलच्या पेल्यांतून आणि मला कोऱ्या कागदी कपातून. आणि मी मूर्ख, मला बरं वाटलं! मॅनेजर मॅडमचा मान ठेवतात बिचारे, असं मी इंद्रजितला फोनवर सांगितलंसुद्धा. ऑक्टोबरचा पहिला रविवार आला, पुन्हा रोटी फिरली, ती माझ्यापर्यंत यायच्या आधीच मी हात जोडले. या वेळी रामकलीनं तुकडा पुढे केलाच नाही, माझ्यावरून हात लांब करून पलीकडच्या बाईला दिला. बँकेत आली तेव्हा पासबुक माझ्या हातात न देता काउंटरवर ठेवून दोन पावलं मागं सरकली. मला वाटलं, म्हातारी रुसली असेल कशावरून तरी.

या महिन्याच्या पहिल्या रविवारी, उपासना सुरू व्हायच्या आधीच, मी पास्टर याकूबना म्हटलं, मला तुमच्यातली एक म्हणून नाव लिहायचंय. ते हेल्मेटचा पट्टा सोडत बांधत राहिले. मग म्हणाले, “मैडम, आप आइए, ज़रूर आइए. बस रोटी वाले दिन न आया करें. बूढ़ी का दिल दुखता है.” मी विचारलं, का? तेव्हा त्यांनी माझ्याकडे अशा नजरेनं बघितलं, जशी आपण वेड पांघरणाऱ्या माणसाकडे बघतो. “हमारे हाथ का आप नहीं खातीं. ठीक है. पर वहाँ बैठकर मना न करें.”

दादा, मी तिथून घरी कशी आले मला आठवत नाही. आपल्या आजोबांना पाटलाच्या विहिरीवर वरून ओंजळीत पाणी ओतायचे, आणि मिशनच्या आवारात पहिल्यांदा सगळ्यांना एका पंगतीत बसवलं म्हणून ते तिथंच राहिले, ही गोष्ट बाबांनी आपल्याला किती वेळा सांगितली असेल! त्या आजोबांची नात मी. माझ्यासाठी वेगळा कप ठेवला गेला, आणि तो त्यांनी मला कमी लेखून नाही ठेवला. त्यांचा पेला मला चालणार नाही असं मानून ठेवला. आणि मी त्यात मान बघितला. दोन रात्री जेवण गेलं नाही. इंद्रजित म्हणाला, “अगं, जाऊन सांग ना त्यांना खरं काय ते.” त्याला सगळंच सोपं वाटतं.

गेले सांगायला. रामकलीच्या दारात, खाटेवर बसून, माझ्या मराठी वळणाच्या हिंदीत सगळं सांगितलं. लग्न, कमिटी, सही, एकवीस वर्षं. ती मोहरीची भाजी निवडत होती. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “सगा भाई?” मी हो म्हटलं. तिला ते पटलं की नाही मला अजून कळलेलं नाही. कदाचित शिकलेल्या बाईनं रचून आणलेलं कारण वाटलं असेल. भाजी बाजूला सारून ती म्हणाली, “तो भाई से पूछ लो, मैडमजी. चिट्ठी लिख दो.” एवढंच. चहा विचारला नाही. मी मागितला असता तर कशातून दिला असता, या भीतीनं मीही मागितला नाही.

म्हणून ही चिठ्ठी. पण तुला विचारायला नाही, दादा. पुढच्या महिन्याच्या पहिल्या रविवारी मी त्या सतरंजीवर, रामकलीच्या शेजारी बसणार आहे. तिनं हात पुढे केला तर मी घेणार आहे. नाही केला, तर मी मागणार आहे. तुला फक्त एक काम सांगते. कमिटी इतकी वर्षं माझ्याकडे क्षमापत्र मागतेय ना, ते आज देते, कारण मला खरंच ज्याचं वाईट वाटतं असं काहीतरी आता माझ्या हातून घडलंय. ते असं: ‘मी, साधना, या मंडळीची लेक, प्रभूच्या मेजावर बसले असताना एका बहिणीनं पुढे केलेली भाकर नाकारली, आणि दुसऱ्यांदा ती यायच्या आधीच हात जोडले. तिचं मन माझ्यामुळे दुखलं. मंडळीनं मला क्षमा करावी.’ लग्नाबद्दल यात एक अक्षर नाही, पुढेही येणार नाही. हे चालत नसेल तर रजिस्टरमधून माझं नाव काढून टाक, मी तक्रार करणार नाही. पण त्याआधी त्याच रविवारी, तबक हातात घ्यायच्या अगोदर, तू स्वतः उभा राहून हे वाच. दुसऱ्या कुणाला देऊ नकोस. आणि वाचून झाल्यावर तुला जर बाकांमधून चालताना जरा अडखळायला झालं, तर अडखळ, दादा. मी बघायला नसेन.

तुझीच, अजूनही धाकटी,
साधना