निवट्या गप्प का आहे

प्रिय दादूस,

काल मी तुला दिलेला शब्द मोडला. आपल्या गावच्या समाजमंदिरात, माईकवर, भरल्या सभेत. दुसऱ्या कुणाकडून तुझ्या कानावर जाण्याआधी मीच सांगावं, म्हणून जेवणं उरकल्या उरकल्या लिहायला बसले आहे. तुला आता कुठून कळणार, असं कुणी म्हणेल. म्हणू दे. तू गेल्यापासून तीन वर्षं मी तुझ्याशी मनातल्या मनात भांडतेच आहे, आज कागदावर भांडते एवढंच.

उद्या सोमवार. अकरा वाजता तुर्भ्याला स्टुडिओत जाऊन एक उत्तर द्यायचं आहे. त्याआधी तुझ्याशी बोलणं भाग आहे.

आपला निवट्या, खाडीच्या चिखलात उड्या मारणारा तो कार्टूनमधला मासा, परत आलाय, दादूस. तुझ्या निवट्याला बघत वाढलेली पोरं आता तिशी-पस्तिशीची झाली, त्यांना पोरं झाली, आणि चॅनलला वाटलं पुढची गोष्ट करावी. नाव 'निवट्याची लेक'. लिहिते कोण? मी. निवट्या आता म्हातारा झालाय. त्याचा चिखल भराव टाकून बुजवलाय आणि तो लेकीबरोबर एका सेक्टरच्या सिमेंटच्या नाल्यात राहतो. लेक दिवसभर तोंडाचा पट्टा सोडते. निवट्या बोलत नाही. एक शब्द नाही. शेपूट आपटतो. एकदा आपटली की हो, दोनदा आपटली की नाही.

पहिला भाग लागला आणि लोक माझ्या अंगावर धावून आले.

जुन्या निवट्याच्या चाहत्यांचा फोनवर मोठा ग्रुप आहे, तुझ्या वेळी तो नव्हता. तिथे रोज माझी पूजा बांधतात. 'मुका निवट्या' म्हणून चित्रं फिरतात. एकाने लिहिलं, हिला आगरी येत नसणार, म्हणून त्याचं तोंड बंद केलं. मला आगरी येत नाही! माझी आई मला आजही हाक मारते ती पलीकडच्या खाडीपर्यंत ऐकू जाते. मी उत्तर टाइप केलं, चार वेळा खोडलं, आणि फोन धान्याच्या डब्यात ठेवून दिला.

यांच्यापैकी किती जणांना माहीत आहे की तू निवट्याचा आवाज व्हायचाच नव्हतास? तू तिथे रेषा काढायला होतास. खालून दिवा लावलेल्या काचेच्या टेबलावर मान मोडून दुसऱ्यांच्या चित्रांवर स्वच्छ रेघ ओढायची, हे तुझं काम. पण कार्टूनमध्ये आधी आवाज लागतो आणि मग चित्र, कारण ओठ कधी उघडायचे ते आवाजावरून ठरतं. म्हणून स्टुडिओतला कुणीतरी मोकळा माणूस कच्चा आवाज देतो, आणि नंतर खरा नट येऊन पक्का करतो. तू मोकळा होतास. शुद्ध मराठीत लिहिलेले संवाद तू आपल्या बोलीत म्हणून टाकलेस, कारण तुला तसेच सुचले. प्रत्येक वाक्याआधी तुझी ती मोठा श्वास ओढायची सवय. तो श्वास ऐकून चित्रकारांनी निवट्याचे गाल फुगवले. मग पक्का आवाज झाला, आणि तू दोन्ही कॅसेटींवर सारखंच 'निवट्या १' लिहून ठेवलंस. चॅनलला कच्ची गेली. तुझी नोकरी जाणार म्हणून आईने देव पाण्यात ठेवले होते, आठवतं? आणि आठवड्याभरात शाळेशाळेतली पोरं गाल फुगवून बोलायला लागली.

तेव्हा मी वाशीच्या कॉलेजात होते. मैत्रिणींना मी काय सांगितलं होतं, ते तुला कधीच सांगितलं नाही. म्हणाले, तो आवाज कुणा नटाचा आहे, आमच्या घरी असं कुणी बोलत नाही. एकदा तू मला स्कूटरवरून सोडायला आलास आणि गेटवर त्या चौघी उभ्या. तू नुसता हसलास, मान हलवलीस, आणि एक अक्षर न बोलता गाडी वळवलीस. तुला कसं कळलं होतं रे? घरी आल्यावर एक शब्द तरी सुनावायचास. मला अजून ते टोचतं.

म्हणजे माझ्यासाठी तू आधीही एकदा गप्प राहिला होतास. नंतरचं गप्प राहणं मात्र तुझ्या हातात नव्हतं.

घशाचं ऑपरेशन झालं आणि स्वरयंत्रच काढलं. ते शेवटचे आठ महिने तू माझ्याकडे नेरूळला राहिलास, आणि गावात आपण सांगितलं की कामासाठी पुण्याला गेलाय. माझ्या लेकीच्या, ईशाच्या पाटीवर तू लिहून दाखवलंस, 'कुणाला सांगू नको. पोरांच्या कानात माझा आवाज आहे तसा राहू दे.' मी मान डोलावून शब्द दिला. तू गेलास तेव्हा गावच्या कमानीवर चाहत्यांनी मोठा फ्लेक्स लावला. तुझा फोटो, शेजारी गाल फुगवलेला निवट्या, खाली 'अल्पशा आजाराने'. मी तो वाचला आणि गप्प बसले.

पण त्या आठ महिन्यांत काय झालं, ते यांना कुठे माहीत? तू जेवणाच्या टेबलावर बोटांनी टकटक करायचास. एक टक हो, दोन टक नाही. मी आणि आई तुझ्यासमोर नुसत्या कावऱ्याबावऱ्या व्हायचो. सात वर्षांच्या ईशाला मात्र काहीच वाटलं नाही. ती शाळेतून यायची, दप्तर टाकायची आणि तुझ्यासमोर बसून दिवसभराची कहाणी लावायची. तू टकटक करायचास, ती पुढे बोलायची. एकदा तर तिने तुझ्याशी कडाक्याचं भांडण केलं, आणि जिंकलास तू. खांदे हलवत हसत होतास. ती मालिका मी तिथे बसून पाहिली, दादूस. नंतर फक्त लिहून काढली.

हे सगळं पोटात ठेवून मला नव्या मालिकेची बाजू मांडायची होती. कशी मांडणार होते?

त्यात चॅनल घाबरलं. स्टुडिओतल्या आमच्या सरांनी दोन आठवड्यांपूर्वी एक संमतीचा कागद पुढे केला. म्हणाले, जुन्या भागांमधला तुझा आवाज कॉम्प्युटरला ऐकवला की तो तुझ्याच आवाजात हवं ते बोलून दाखवतो. निवट्या बोलेल, लोक शांत होतील. नाही म्हटलंत तर तेराव्या भागानंतर पडदा. तुझी वारस आई, म्हणून सही तिची हवी. मी कागद पर्समध्ये घातला आणि आईला सांगितलंच नाही. तिने सही केली तर, ही भीती होती. दुसरं काही नाही.

मग कमानीवर नवा फ्लेक्स लागला, 'निवट्याला बोलू द्या', आणि काल सभा ठेवली. लावणारा तोच प्रमोद, ज्याने तुझ्या श्रद्धांजलीचा लावला होता. न्हावा शेव्याला कस्टमची कागदपत्रं करतो. मी मनात त्याला बरीच नावं ठेवून गेले होते. तो उभा राहिला आणि म्हणाला, "ताई, शाळेत मी 'आहे'च्या जागी 'हाय' बोललो की बाई मना उभा करायच्या. निवट्या टीव्हीवर बोलायला लागला त्या दिवशी मी बसलो. आता तुमी आमचा मानूस मुका केलाव, आनि त्याची पोर बिल्डिंगवाल्यांसारखी बोलते. टेन्शन काय, चिल काय. आमी कुठं हाव यात?"

टाळ्या पडल्या. खरं सांगू? मलाही वाजवाव्याशा वाटल्या.

मी म्हणाले, ती पोर सिमेंटच्या नाल्यात वाढली, ती तशीच बोलणार. माझी ईशा तशीच बोलते. प्रमोद, तुमची मुलगी घरात कसं बोलते? तो जरा अडखळला. मागून कुणीतरी ओरडलं, "विषय बदलू नका." मी म्हणाले, निवट्या गप्प आहे म्हणजे संपला असं नाही, तो ऐकतो, लेकीच्या शब्दाशब्दाला उत्तर देतो. लोक हसले. कुणीतरी खुर्चीवर दोनदा थाप मारली, नाही. मग सगळा हॉल थापा मारायला लागला. दोन, दोन, दोन.

आई पुढच्या रांगेत बसली होती. तिला मी बोलावलं नव्हतं, शेजारची काकी घेऊन आली होती.

तेवढ्यात प्रमोद म्हणाला, "आवाज देनारा नाय, हेच कारन ना? मग ऐका, चॅनलवाल्यांनी दिलंय." त्याने मोबाइल माईकला लावला. आणि तू बोललास. "काय रं पोरांनो, गप का बसलाव?"

तू कधीच न बोललेलं, कॉम्प्युटरने जुळवलेलं वाक्य. हुबेहूब तुझा आवाज. थापा थांबल्या. मी आईकडे पाहिलं, तिने दोन्ही हातांनी खुर्ची धरली होती. त्या क्षणी माझा तोल गेला. मी माईक ओढला आणि सगळं सांगितलं. ऑपरेशन, घशातलं भोक, पाटी, टकटक. म्हणाले, माझा भाऊ आठ महिने असाच जगला आणि त्या आठ महिन्यांतही तो निवट्याच होता. तुम्हाला त्याचा आवाज हवा आहे, मला तो सगळा हवा आहे.

शब्द मोडला तो असा. चांगल्या कारणासाठी मोडला असं मी म्हणणार नाही. संतापले होते.

मग प्रमोद म्हणाला, "आधी सांगायचं होतंव ना, ताई."

"त्याने नको म्हटलं होतं."

"मग आज का सांगितलंव?"

याचं उत्तर तुझ्याकडे आहे का?

आई उठली, प्रमोदजवळ गेली. म्हणाली, "परत लाव." त्याने लावलं. तिने मान तिरपी करून ऐकलं, आणखी एकदा लावायला सांगितलं. मग विचारलं, "आवाज तेचाच हाय. पन ह्यो दम कवा घेतं?"

प्रमोदला काहीच कळेना. मला कळलं. त्या वाक्याआधी श्वास नव्हता. आवाज स्वच्छ करताना कुठेतरी पुसला गेला असणार. हॉलमध्ये जुनी माणसं होती, त्यांच्याही लक्षात आलं, कारण एकजण हळूच म्हणाला, गाल कधी फुगवायचे मग?

तिथे संपलं असतं तर बरं झालं असतं. पण प्रमोद भाबडेपणाने बोलून गेला, "काकी, आता तुमच्या सहीवरच अडलंय ना सगलं?" आईने माझ्याकडे वळून पाहिलं. रिक्षात ती अख्खा रस्ता बाहेर बघत होती. घरात पाऊल टाकल्यावर एवढंच म्हणाली, "का नाय सांगलंस मना? पोर माजा नव्हता?"

दादूस, त्या सभेने मला जेवढं सुनावलं नाही तेवढं या एका वाक्याने सुनावलं. मी कागद काढून तिच्यापुढे ठेवला आणि पाया पडले. तिने पाय मागे घेतले नाहीत, पण आशीर्वादही दिला नाही.

आज सकाळी चहा घेताना तिने कागद माझ्याकडे सरकवला. सहीची जागा कोरी. म्हणाली, "सही नाय करायची मना. जुन्या मालिकेन तो बोललाय तवरा पुरे." माझ्या डोळ्यांत पाणी आलं, जिंकले असं वाटलं. मी उठतच होते, तर ती पुढे म्हणाली, "पन ता माज्या फोनान राहू दे."

काय राहू दे? सभेतून निघताना तिने प्रमोदकडून ते वाक्य स्वतःच्या फोनवर मागून घेतलं होतं. श्वास नसलेलं, खोटं, तुझं.

ती आंघोळीला गेली तेव्हा मी तिचा फोन उचलला. पुसून टाकायचं बटण समोर होतं. ज्याच्याविरुद्ध मी काल गावासमोर घसा फोडला, ते माझ्याच घरात, माझ्याच आईच्या उशाशी? मला राग आला. प्रमोदचा आला, आईचा आला, सगळ्यात जास्त तुझा आला, की तू हिच्यासाठी एखादं वाक्य बोलून का नाही ठेवलंस ऑपरेशनच्या आधी. बाथरूमची कडी वाजली आणि मी फोन जागेवर ठेवला.

आता मी हे लिहिते आहे आणि आतल्या खोलीतून तो आवाज येतोय. तेच एक वाक्य, गप का बसलाव. आई उत्तर देते आहे. काल सभेत कोण कोण आलं होतं ते सांगते, गुडघा दुखतो ते सांगते, भाजीत मीठ जास्त झालं ते सांगते. थांबते, परत लावते, परत सांगते.

उद्या मी बिनसहीचा कागद परत देऊन येईन. मालिका राहील किंवा जाईल, आणि प्रमोद फ्लेक्स उतरवेल की नाही, मला माहीत नाही. जितके भाग लिहीन त्यात निवट्या गप्पच राहील, त्यासाठी मी कुणाशीही भांडेन. पण दादूस, तुला दिलेला एक शब्द मोडलाय, म्हणून हा दुसरा देते आणि हा पाळीन. आईच्या फोनमधलं ते मी पुसणार नाही. ती त्याच्याशी बोलत असली की मी बाहेरून दार ओढून घेईन.

तुझी,
बाय